यंदाच्या उत्तरायणाला मी नसेन

स्टॅनले, फॉकलंड बेटे

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ताईने कळवली तेव्हा मी जहाजावर नाव नोंदवून बसले होते, आणि तारीख कळल्यावरही मी ते मागे घेतले नाही. फोनवर तुमचा आवाज ऐकला असता तर मला धड बोलता आले नसते, म्हणून लिहिते आहे. चार दिवसांत आम्ही येथून सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या साउथ जॉर्जिया बेटाकडे मासे मोजायला निघू.

मासे मोजण्याचा हंगाम ठरलेला असतो. तो चुकला तर मागच्या आकड्यांशी तुलनाच करता येत नाही. बेटाभोवतीच्या समुद्रतळाचे खोलीनुसार भाग पाडतात, प्रत्येक भागातली ठिकाणे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडतात, आणि तेथे अर्धा-अर्धा तास जाळे ओढून आलेला प्रत्येक मासा जातवार तोलतात, मापतात. जाळ्याखालून किती तळ गेला हे ठाऊक असल्याने त्यावरून साठ्याचा अंदाज बांधता येतो. जाळे रिकामे आले तर रिकामे म्हणूनच नोंदवायचे, मासे दिसतात तेथे सरकायचे नाही. बाबा, बँकेची हिशेबतपासणी करण्यात आयुष्य घालवलेल्या तुम्हाला यातले मर्म मी सांगायला नको.

याच बेटाभोवती १९६९-७० च्या एका हंगामात मार्बल्ड रॉककॉड नावाचा मासा सुमारे चार लाख टन पकडला गेला आणि दोन वर्षांत तो साठा कोसळला. १९८५ पासून त्याच्या मासेमारीवर बंदी आहे, तरी तो पूर्ववत झालेला नाही. आता ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या, अंटार्क्टिक समुद्रातली जीवसंपदा जपणाऱ्या आयोगात, ज्याचा आपला देशही सदस्य आहे, किती पकडायचे याची मर्यादा ठरते; टूथफिश या खोल पाण्यातल्या माशाच्या बाबतीत तर पुढच्या ३५ वर्षांचा विचार करून. त्या मर्यादेच्या मुळाशी आमच्यासारख्यांची ही मोजणी असते. ती कोणी तरी नीट केली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आई, तुला माशाचा वासही सोसत नाही हे मी जाणते, तरी एवढे वाच. तिथल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसते. त्याचे कल्ले दुधाळ पांढरे असतात आणि चिरल्यावर लाल थेंब दिसत नाही. थंड पाण्यात प्राणवायू इतका विरघळलेला असतो की त्याचे तेवढ्यावर भागते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुला सांगावेसे वाटले होते.

माझी काळजी करू नका. केबिन उबदार आहे, अंथरूण कोरडे आहे, स्वयंपाकी रोज भात करतो, आणि तू दिलेले मेतकूट व लिंबाचे लोणचे मी पुरवून खाते आहे. डेकवर जाताना लोकरीचे दोन थर, वर जलरोधक पोशाख आणि तरंगते जॅकेट घालावेच लागते. गोवर आला होता तेव्हा तू कडुलिंबाची डहाळी घेऊन रात्रभर उशाशी बसली होतीस. अंगात जरा कणकण आली की मला अजून तोच हात हवासा वाटतो.

आता माझे ऐका. बाबा, उत्तरायणाला गच्चीवर मुळीच जायचे नाही, पतंग खिडकीतून पाहा. दांडिया बाजारातली पोरे कितीही हाका मारोत. पहिला आठवडा डोक्यावरून अंघोळ नको, वाकून काही उचलणे नको, आणि डोळ्यांत थेंब घालण्याआधी आईने हात साबणाने धुवावेत. ताई सुरतेहून येते आहे, तिला स्वयंपाकघरात गुंतवू नका, डबा लावा. पैसे मी पाठवले आहेत. आई, तू गुडघ्याचा पट्टा बांधल्याशिवाय जिना चढू नकोस. दवाखान्यात जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी लेखी न्या, तोंडी सांगू नका, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर ताईकडून दोन ओळींचा निरोप पाठवा. जहाजावर निरोप येतात, उशिरा का होईना.

तुमची,
मनू