माझी जाऊ बेळगावकडं ऊस तोडत होती, तिचं मत दारू दुकानाला कसं गेलं? उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुलं पत्र

मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सा. न. वि. वि.

साहेब, मी बीड जिल्ह्यातल्या एका गावातली बाई, बारावी शिकलेली, बचत गटाची सचिव. परवाच्या रविवारी आमच्या गावात उभी बाटली आडवी बाटलीचं मतदान झालं. देशी दारूचं दुकान ठेवायचं का बंद करायचं, फक्त बायकांचं मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. निकाल सांगते. आडवी बाटली 527, उभी बाटली 19, बाद 15. आणि दुकान चालू राहिलं!

आकडा चुकला नाही माझा. तुमच्या खात्याचा 2008 चा आदेश आहे, त्यात 25 टक्के बायकांनी सह्या केल्या की मतदान घ्यायचं, पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत. आलेल्यांच्या निम्मी नाही, यादीतल्या. आमच्या यादीत 1184 बाया, म्हणजे 593 पाहिजे होती, 66 कमी पडली. त्या यादीत मेलेल्या सासवा आहेत, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात नांदणाऱ्या पोरी आहेत, आणि 213 बाया कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या आहेत, आम्ही घरोघर जाऊन वहीत लिहून मोजलंय. जी आली नाही तिचं मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात. आमदार खासदाराच्या निवडणुकीला असा नियम असता तर किती जण निवडून आले असते ते तुम्हीच सांगा.

सह्या आम्ही जुलैत दिल्या. 296 लागत होत्या, 410 दिल्या. तेव्हा सगळं गाव घरी होतं. पडताळणीला आलेले साहेब चावडीत सगळ्यांसमोर बोलले की दिवाळीच्या आधी मतदान घेतो, ताई काळजी करू नका. मग स्टाफ नाही, मग बंदोबस्त नाही, मग फाईल वर गेलीय, असं करत करत तारीख लागली ती ऐन गळीत हंगामात. दसरा दिवाळीनंतर आमच्याकडची अर्धी गावं रिकामी होतात हे शाळेतल्या पोराला पण माहितीय, साहेबांना माहिती नव्हतं का?

माझी जाऊ बेळगावकडं फडात आहे. तिला फोन केला की ये, एक दिवस ये. ती म्हणली मुकादम सोडत नाही, खाडा पडला की उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशातून, कापतो, नवरा बायको दोघांचा मिळून एक कोयता म्हणजे दोघांचा खाडा, आणि एसटीचं भाडं वेगळं. संध्याकाळी तिने विचारलं, पोस्टाने नाही का पाठवता येत मत, मिल्ट्रीतले पाठवतात तसं. मी तालुक्याला जाऊन विचारलं तर म्हणे या मतदानाला टपाली मत नसतं, स्वतः यावं लागतं. का नसतं विचारलं तर म्हणे तरतूद नाही.

आता माझ्या सासूचं ऐका. वय 88, खुब्याचं हाड मोडून चार वर्षं खाटेवर. 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेला तिच्यासाठी घरी माणसं आली होती. 85 च्या वरच्यांना आणि 40 टक्के किंवा जास्त अपंग असलेल्यांना तशी सोय आहे, 12 डी नावाचा फॉर्म अधिसूचना निघाल्यापासून 5 दिवसांत भरून द्यायचा, तो मीच भरला होता. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. पुठ्ठ्याचा आडोसा केला, म्हातारीने खूण केली, घडी घालून लहान पाकिटात घातली, ते डिक्लेरेशनच्या कागदासकट मोठ्या पाकिटात, सगळं तिच्यासमोर चिकटवलं. अर्ध्या तासात झालं. म्हातारी चार दिवस येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होती की सरकार माझ्या घरी आलं होतं.

तीच म्हातारी, तेच घर, आणि बाटलीच्या मतदानाला कोणी आलं नाही. खाटेवरून उचलून नेऊ म्हणलं तर ती दुखण्याने ओरडायला लागली. साहेब, त्या दुकानाने तिचा मुलगा खाल्लाय. माझा नवरा. 2016 ला गेला, 41 वर्षांचा होता, पोटात पाणी झालं होतं, शेवटी रक्ताच्या उलट्या. त्या साली घेतलेली उचल त्याने दोन महिन्यांत त्या काऊंटरवर संपवली होती आणि ती मी पुढचे तीन हंगाम एकटीने मोळ्या वाहून फेडली, बारकी पोरगी पाचटावर झोपवून. गावात आडव्या बाटलीला मत द्यायचा सगळ्यात पहिला हक्क कोणाचा असेल तर त्या म्हातारीचा, आणि तिचं नाव दुकानाच्या बाजूने मोजलं गेलं. ती अजून विचारते माझं मत घ्यायला कधी येणार. काय सांगू तिला?

आणि तरतूद नाही म्हणजे काय हो? सैनिकाला मतपत्रिका ऑनलाइन जाते, तो प्रिंट काढून खूण करून पोस्टाने पाठवतो, मोजणीच्या दिवशी सकाळी 8 च्या आत पोचली की धरतात. इलेक्शन ड्यूटीवरच्या मास्तरांना टपाली मत आहे. स्वित्झर्लंड देशात तर सारखं जनमत घेतात, तिथं मतदानाच्या किमान तीन आठवडे आधी कागद घरी येतात आणि बहुतेक लोक पोस्टानेच मत देतात, हे माझ्या पोरीने मोबाईलवर काढून दाखवलं. आमच्या तालुक्यातले एकजण म्हणले टपाली मतात घोटाळे होतात. होतात ना. गुजरातमध्ये 2017 च्या विधानसभेला धोळका मतदारसंघात 327 मतांनी निकाल लागला आणि टपाली मतं बाद केली होती 429, हायकोर्टाने ती निवडणूकच रद्द केली होती, पुढं सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. म्हणून काय सैनिकांचं टपाली मत बंद केलं का कोणी?

आम्ही लांब आहोत म्हणून सापडत नाही हे तर बोलूच नका. रेशनचं धान्य अंगठा लावून दुसऱ्या राज्यात मिळतं. लाडक्या बहिणीचे 1500 खात्यात येतात, त्याच्या केवायसीचा ओटीपी उसाच्या फडात येतो. 2019 ला आमच्या गर्भाच्या पिशव्या मोजायला समिती आली, 82 हजारांवर बायकांची पाहणी केली, 13 हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पिशव्या मोजता येतात मग मतं का मोजता येत नाहीत? 2025 च्या जूनमध्ये दारूवरचा कर वाढवला तेव्हा वर्षाला 14 हजार कोटी जादा येतील असं सरकारनेच सांगितलं. ते कोटी आमच्या उचलीतून येतात साहेब. 1500 बाईच्या खात्यात टाकायचे आणि नवऱ्याच्या हाताने दुकानातून परत घ्यायचे, हे गावोगाव चाललंय, आणि ज्या एका कागदाने बाई ते थांबवू शकते तो कागदच तिच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. वर्धा, गडचिरोलीला दारूबंदी आहे. चंद्रपूरला बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून 2015 ला मिळवली, 2021 ला उठवली. उठवताना कुठल्या बाईचं मत घेतलं होतं?

मी फार मोठं मागत नाही. ग्रामसेवक ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं देतो, कोण कुठल्या कारखान्याला गेलंय हे त्याच्याकडं आहे. त्या यादीवरून बाईला मतपत्रिका पाठवा, नाहीतर तळावर, म्हणजे फडाजवळ कामगार राहतात तिथं, पेटी घेऊन माणूस पाठवा. खाटेवरच्यांना 12 डी सारखा फॉर्म द्या. ते जमत नसेल तर आलेल्या मतांतलं बहुमत धरा, आणि तेही नको असेल तर निदान मतदान मे ते सप्टेंबरातच घ्यायचं असं आदेशात एका ओळीने लिहा, त्याला एक पैसा लागत नाही.

सह्यांची वही आम्ही परत काढलीय. अक्षय तृतीयेच्या आसपास कोयते परत येतात, तेव्हा पहिली सही जावेची घेणार. मतदानाची तारीख पावसाळ्यातली पाहिजे आणि ती लेखी पाहिजे, चावडीतलं तोंडी आता चालणार नाही. म्हातारी तोपर्यंत राहील का माहीत नाही.

आपली,
यादीतल्या 1184 पैकी एक