चित्रासोबत फाईलही जमा करून घ्या

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या जीवरसायनशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची व्हायवा झाली. त्यात एका विद्यार्थिनीवर जो प्रसंग आला, तो डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. चूक तिची नव्हती. जे आम्ही शिकवायला हवे होते ते शिकवले नाही आणि प्रोजेक्टच्या नियमांतही ते कुठे लिहिलेले नाही.

मुलगी गडचिरोलीकडची. धाकट्या भावाच्या रक्ताच्या रिपोर्टवर ‘एसएस’ लिहिलेले, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तिने विषयही तोच घेतला. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचे हिमोग्लोबिन संगणकावर एकावर एक ठेवायचे आणि फरक नेमका कुठे आहे ते दाखवायचे. दोन्ही रचना प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांच्या रेणूंच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून, कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. १९७१ मध्ये ही बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या, आज दोन लाखांच्या वर आहेत. प्रत्येकीला एक क्रमांक असतो. त्यांतली ४एचएचबी ही नेहमीच्या हिमोग्लोबिनची आणि २एचबीएस ही सिकलची.

हिमोग्लोबिनचा रेणू अमिनो आम्लांच्या चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. फरक आहे बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवर. तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. पुस्तकात हे एका ओळीत उरकते. २एचबीएसमध्ये मात्र हिमोग्लोबिनचे दोन रेणू शेजारी शेजारी आहेत, आणि ते पडद्यावर फिरवत गेले की दिसते, एका रेणूचे ते व्हॅलिन दुसऱ्याच्या खोबणीत, ८५ व्या फेनिलअलानिन आणि ८८ व्या ल्युसिनच्या मध्ये, जाऊन बसले आहे. असे रेणूला रेणू चिकटत गेले की तंतू तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. ती खोबण सापडली त्या दिवशी मी घरी निघाले होते, पोरीने मला गेटवरून परत लॅबमध्ये नेले.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्टमधले रंगीत चित्र पाहिले आणि म्हणाले, फाईल उघडून दाखवा. त्यांचे म्हणणे रास्तच होते. फाईल उघडली, तर दोन्ही हिमोग्लोबिन भलत्याच दिशांना तोंड करून, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी. ‘बी साखळी, सहावा’ असे निवडले, तर ग्लुटामिक आम्लही रंगले आणि व्हॅलिनही. मग हे चित्र कुठून आणले, असा प्रश्न आला. मुलगी गप्प उभी राहिली. रात्र रात्र बसून केलेल्या कामावर असा संशय येताना मी समोर होते.

झाले होते ते असे. रेणूची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. दर अणूला एक ओळ आणि त्या ओळीत त्याचे एक्स, वाय, झेड हे तीन आकडे, आंग्स्ट्रॉममध्ये (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), तीन दशांश स्थळांपर्यंत. सॉफ्टवेअर एक रचना दुसरीवर नेऊन बसवते तेव्हा आपल्याला ती हललेली दिसते, पण सेव्ह करताना ‘अमुक मॉडेलच्या सापेक्ष’ हा पर्याय निवडला नाही तर काही सॉफ्टवेअर फाईलमध्ये मूळचेच आकडे उतरवते. तिने दोन्ही रचना अशाच सेव्ह केल्या आणि नोटपॅडमध्ये एकीखाली एक चिकटवल्या. मधली ‘एंड’ची ओळ काढायची, हे तिला ठाऊक होते. पण साखळ्यांची नावे बदलायची हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. ४एचएचबीत ए ते डी अशा चार साखळ्या आहेत, २एचबीएसमध्ये ए ते एच अशा आठ. एकत्र केल्यावर दोन ए, दोन बी. बिचाऱ्या संगणकाने कोणती बी धरायची?

त्याच दुपारी आम्ही दोघींनी बसून ते नीट केले. आधी पहिल्या रचनेच्या चार साखळ्यांना डब्ल्यू, एक्स, वाय, झेड अशी अक्षरे दिली. जुन्या पीडीबी फाईलमध्ये, म्हणजे प्रोटीन डेटा बँकेच्या जुन्या साच्यातल्या फाईलमध्ये, साखळीसाठी २२ वा एकच रकाना असतो, तेव्हा अक्षरही एकच. मग रचना एकावर एक बसवल्या, कंबाइन करून त्यांचे एक मॉडेल केले, सापेक्ष पर्याय निवडून सेव्ह केले, आणि ती फाईल दुसऱ्या संगणकावर दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिली. जागच्या जागी होती. अर्धा तासही लागला नाही. परीक्षक थांबले होते, त्यांनी ती पाहिली, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

पायमॉल, कायमेराएक्स यांसारखी रेणू पडद्यावर दाखवणारी सॉफ्टवेअरे आता तालुक्याच्या कॉलेजांतही वापरली जातात. प्रोजेक्टला मात्र आपण अजूनही बाइंडिंग केलेल्या प्रती आणि त्यांत रंगीत चित्रे एवढेच मागतो. चित्रावरून कुणालाही अंतर मोजता येत नाही, की चूक शोधता येत नाही. सेशन फाईल दिली तरी भागत नाही, कारण ती त्या त्या सॉफ्टवेअरपुरतीच असते. माझी विद्यापीठांना विनंती आहे, की येत्या सत्रापासून अशा प्रत्येक प्रोजेक्टसोबत एकत्र केलेल्या रचनेची पीडीबी फाईल सक्तीने घ्यावी. अणू ९९,९९९ पेक्षा जास्त असतील तर एमएमसीआयएफ या नव्या साच्यातली फाईल घ्यावी, कारण जुन्या फाईलमध्ये अणूच्या क्रमांकाला पाचच रकाने आहेत. सोबत एक पान असावे: मूळ रचना कोणत्या, कोणती कोणावर बसवली, कोणत्या साखळीचे नाव काय केले. आणि हे प्रात्यक्षिकाच्या तासाला शिकवावे, परीक्षेच्या दिवशी नव्हे.

आमच्या विभागात मी हे सुरू केले आहे. पहिली फाईल त्या मुलीचीच ठेवली आहे, बारा साखळ्यांची, पुढच्या वर्गाला उघडून दाखवण्यासाठी.

– एक प्राध्यापिका, चंद्रपूर