नाना, दगडांवरची फुलं फुलली, मनापासून थँक्यू

नाना, नमस्कार. तुम्ही मोबाईल फारसा बघत नाही माहितीये, पण तुमची नात वाचून दाखवेल, आणि जळगाव-धुळ्याकडच्या बाकी लोकांनाही उपयोग होईल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

मला अंगणात ती आल्प्समधल्यासारखी दगडांवर सतरंजीसारखी पसरणारी फुलं हवी होती, मॉस फ्लॉक्स, ऑब्रिएटा वगैरे, आणि जो तो म्हणायचा आपल्याकडे नाही होत, विषय संपला. तुम्ही एकटेच म्हणालात, झाड बदल, मांडणी तीच ठेव. कारण पण सांगितलंत, त्या झाडांना ऊन हवंच असतं पण रात्र गार लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला, रात्रीसुद्धा भिंती गरम, मग ती तगणार कशी.

नंतर त्या उन्हात स्वतः आलात, या वयात. काळी माती कपाशीला चांगली पण इथे पाणी धरून मुळं सडवेल म्हणून उपसायला लावली, मुरूम, जाड रेती आणि थोडंसं शेणखत भरलं. काळे दगड तिसरा हिस्सा गाडून मागे जरा कलते बसवले, म्हणजे पावसाचं पाणी वाहून न जाता आत मुळांकडे जातं. आणि एक दगड उचलून माझा हात खाली ठेवलात, वरून चटका बसत होता अन् खाली मस्त गारवा!! मुळं इथे येतात म्हणालात. असं कोणी शिकवत नाही हो नाना.

त्या झाडांऐवजी तुम्ही दिलेल्या ऑफिस टाइमच्या, म्हणजे चिनी गुलाबाच्या, बोटभर काड्या खालची पानं काढून खोचल्या, बुडाशी बारीक खडी पसरली, आणि तुमचं "झाडले पानी कमी, उन जास्ती" तंतोतंत पाळलं. आता राणी, केशरी, पांढरी अशी दगडांवरून खाली उतरलीयेत, ऊन चढलं की उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. आई म्हणते ही तर आपल्या घोळाच्या भाजीची बहीण दिसते, आणि खरंच आहे, दोन्ही पोर्टुलाका या एकाच वंशातल्या, फक्त ही मूळची दक्षिण अमेरिकेतली.

पैसे तर तुम्ही घेतले नाहीतच, चहा पण अर्धाच घेतलात. रविवारी केशरीच्या काड्या घेऊन येते, तुमच्याकडे तो रंग नाहीये ना, आणि आईने कळण्याची भाकरी अन् ठेचा पाठवायचं ठरवलंय, त्याला नाही म्हणू नका.