दुसऱ्या संघाबद्दल

पुणे, रविवार

चि. अनघास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत म्हणालीस की, विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या दुसऱ्या संघात निवड झाली, म्हणजे आपली गत इथल्या आयर्लंडसारखीच, युरोपातल्या छोट्या देशांच्या स्पर्धेत खेळायची. तू हसलीस खरी, पण आवाज हिरमुसलेला होता, हे तुझ्या आईने शेजारच्या खोलीतूनही ओळखले. डब्लिनमध्ये राहून तू त्या स्पर्धेची थट्टा करावीस याचे मला नवल वाटले, म्हणून हे पत्र.

मुळात त्या नावातला 'छोटा' हा शब्द फसवा आहे. जिब्राल्टर सात चौरस किलोमीटरही भरत नाही आणि तो स्वतंत्र देशही नव्हे. सान मारिनो ६१ चौरस किलोमीटरचा. दोघांची वस्ती एकत्र केली तरी आपल्या कोथरूडमध्ये सहज मावेल. पण याच स्पर्धेत मोल्दोव्हा खेळला आहे आणि जवळपास कोटभर लोकसंख्येचा अझरबैजानही खेळला आहे. उलट जेमतेम सहा लाख वस्तीचा मॉन्टेनेग्रो मोठ्यांच्या युरोबास्केटमध्ये, म्हणजे युरोपच्या मुख्य स्पर्धेत उतरतो, आणि वीस लाखांच्या स्लोव्हेनियाने तर २०१७ साली ती स्पर्धा जिंकली. तेव्हा तिथे डोकी मोजत नाहीत, त्या देशात हा खेळ किती रुजला आहे ते पाहतात. अँडोराची गंमत आणखी निराळी आहे. त्यांचा क्लब स्पेनच्या अव्वल लीगमध्ये खेळतो, पण त्यातले बहुतेक खेळाडू बाहेरचे असल्यामुळे राष्ट्रीय संघाला त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि तो संघ छोट्यांच्या रांगेतच राहतो. (आयपीएलच्या मुंबई संघात मुंबईकर किती असतात, ते आठवून पाहा.)

आता आयर्लंडचे ऐक. २०१० मध्ये कर्ज इतके वाढले की तिथल्या संघटनेने पुरुषांचे आणि महिलांचे दोन्ही वरिष्ठ राष्ट्रीय संघ बंद करून टाकले. हरलेल्या संघाला पुढच्या वर्षाची आशा तरी असते. इथे संघच नव्हता. त्या काळात विशी-पंचविशीत असलेल्या मुलामुलींची खेळण्याची ऐन वर्षे देशाचा गणवेश अंगावर न चढवताच निघून गेली असणार, आणि ती परत कोण देणार? २०१६ मध्ये हे संघ पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांना आत घेणारे दार या छोट्या देशांच्या स्पर्धेचेच होते. दोन वर्षांनी महिलांची स्पर्धा त्यांनी कॉर्कमध्ये भरवली. पुरुषांची २०२० ची स्पर्धा कोविडमुळे वर्षभर लांबली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तुझ्या डब्लिनमधल्याच टॅला भागात झाली. तिच्या अंतिम सामन्यात अँडोराला हरवून आयर्लंडने ती जिंकली. त्यानंतर हा संघ युरोबास्केटच्या पूर्वपात्रता फेरीत उतरला. तू जिची थट्टा करतेस ती स्पर्धा नसती, तर हे सामने त्यांनी कुणाशी आणि कुठे खेळले असते, ते मला सांग.

माझ्या कॉलेजच्या पहिल्या संघात मी तीन वर्षे होतो, हे मी तुला शंभरदा सांगितले आहे. त्यांतली दोन वर्षे मी बाकावर बसून काढली, हे मात्र कधी सांगितले नाही. आमचे मैदान सिमेंटचे होते, डाव्या बोर्डाखाली एक भेग होती आणि तिच्यावर चेंडू पडला की हमखास भलतीकडे उसळायचा. सराव संपल्यावर सगळ्यांच्या जर्सी घामाने अंगाला चिकटलेल्या असत. सामन्याच्या दिवशी मात्र शेवटची शिट्टी झाली तरी माझ्या जर्सीची इस्त्री मोडलेली नसे. आमच्या दुसऱ्या संघातली मुले दर आठवड्याला आंतरमहाविद्यालयीन सामने खेळून घोटे सुजवून येत, आणि मी पहिल्या संघातला म्हणून त्यांच्याकडे तुच्छतेने पाहत असे. तिसऱ्या वर्षी एकदाचा मैदानात उतरलो, तेव्हा साधे दोन फ्री थ्रो माझ्या हातून हुकले. हे आईला ठाऊक आहे, तुझ्या काकाला नाही, आणि त्याला ते कळण्याचे कारणही नाही.

तुझ्या दुसऱ्या संघाचे सामने कोणत्या वारी असतात ते कळव. सध्या आपल्यात साडेपाच तासांचे अंतर आहे, त्यामुळे संध्याकाळचा सामना असेल तर मला दुपारी झोपून घ्यावे लागेल. उजव्या घोट्याला पट्टी बांधल्याशिवाय उतरू नकोस.

तुझा,
बाबा