जिप्सीचं काय करायचं ठरवलं ते

कोल्हापूर,
१४ मे

प्रिय बाळ्या,

तू पाठवलेला त्या उंच केलेल्या जिप्सीचा फोटो घरात सगळ्यांना दाखवला. बायको म्हणाली, "ही गाडी आहे की मचाण?" बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि एकच विचारलं, "यात मी चढायचं कसं?" तुझ्या फोटोचा निकाल तिथेच लागला. तरी माझ्या जिप्सीत काय काय बदलायचं यावर तू फोनवर दोनदा विचारलंस, "मग ठरलं काय?" फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसलोय. चहा घेऊन बस.

आधी गाडी काय आहे ते सांगतो, कारण तू तिला अजून पाहिलेलं नाहीस. १९९८ ची मारुतीची जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटरवालं, अश्वशक्ती कागदावर साठ. त्यातल्या किती घोड्यांनी आतापर्यंत पेन्शन घेतली असेल देव जाणे. वजन जेमतेम एक टन. तिची खरी ताकद हीच, आणि लोक तिथेच घोळ घालतात. लोखंडी बंपर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), छतावर कॅरिअर, त्यावर जेरी कॅन असं चढवत जातात आणि शेवटी विचारतात, गाडी का ओढत नाही?

मी काही ठरवलं नव्हतं तेव्हाची, मागच्या जुलैमधली गोष्ट. गगनबावड्याच्या अलीकडे आपलं रान आहे ना, डांबर सुटल्यावर तीन किलोमीटर आत. मध्ये ओढा. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं, पण पलीकडची चढण बैलगाड्यांनी आडवीतिडवी खणून काढलेली. लो (कमी वेगाची, जास्त जोराची रेंज) टाकला, पहिला टाकला, निवांत चढवत होतो. पुढचं डावं चाक उंचवट्यावर आलं, मागचं उजवंही आलं, आणि उरलेली दोन चाकं खड्ड्यावर अधांतरी. ॲक्सिलरेटर दिला की ती अधांतरी चाकं भिंगरीसारखी फिरायची आणि जमिनीवरची दोन ढिम्म. फोर बाय फोर म्हणून मिरवणारी गाडी, आणि काम करणारी चाकं शून्य! डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचा, हा स्वभाव तुला-मला पुस्तकातून पाठ आहे, जिकडे अडथळा कमी तिकडे फिरणं जास्त. पण भर पावसात ओढ्यात उभं राहून तो बघणं वेगळं.

शेजारच्या रानातला ट्रॅक्टर आला. चालवणारा पोरगा विशीतला. दोर बांधता बांधता त्याने वाकून खाली पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, लाक न्हाई व्हय हिला?" मला आधी कळेना. त्याने स्वतःच्या टाचेखालचं पेडल दाखवलं. ते दाबलं की ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, चिखलातून निघाला की सोडून द्यायचं. "हे दाबायचं, भाईर पडायचं." झालं. मी सहा महिने रात्री जागून लिफ्ट, टायर, विंचचे व्हिडिओ बघत होतो, आणि मला काय हवंय ते त्या पोराने एका वाक्यात सांगितलं.

तेव्हापासून एक साधा हिशेब डोक्यात बसला. माझी गाडी कुठे जाते? कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर डांबर, मग तीन किलोमीटर चिखल. पावसाळ्यात बहुतेक रविवारी. कधी पुढे करूळ घाटाने खाली तळकोकणात. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली शर्यत होत आलीय, तिथल्या गाड्यांची जातच वेगळी. पुढे-मागे विंच, आत पाइपांचा पिंजरा, आणि शर्यत संपली की पुढच्या वर्षापर्यंत दुरुस्ती. मला सोमवारी सकाळी याच गाडीने बाबांना दवाखान्यात न्यायचं असतं.

तर आता कामाला लागू. पहिले तीन महिने मी काहीच नवीन लावलं नाही. उद्यमनगरात आपले मिस्त्री आहेत, त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि हातोडी घेऊन चेसी वाजवत निघाले. ठण, ठण, ठण. मागच्या शॅकलच्या, म्हणजे स्प्रिंग धरणाऱ्या कडीच्या, वर आले आणि भद्द! स्क्रूड्रायव्हर लावला तर आत गेला, कुजक्या फणसात जावा तसा. बाहेरून काळा रंग चकचकीत. आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी मारून घेतलेला असणार. तेवढा भाग कापून जाड पत्रा वेल्ड केला. मग डिफरन्शियलचं तेल सोडलं, तर भांड्यात आला दुधाचा चहा. ओढ्यातलं पाणी आत गेलेलं. गरम हाऊसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा खेळायच्या भोकातून), सीलमधून पाणी ओढून घेते. आता ब्रीदरला नळी जोडून ती वर इंजिनच्या खोलीपर्यंत नेली आहे. खर्च एका जेवणाचा. किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंग बदलली, कारण साठच्या पुढे स्टिअरिंग अंगात आल्यासारखं घुमायचं. ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या, लो-हाय बदलणाऱ्या पेटीचे) रबर माउंट फाटलेले होते, तेही गेले. या सगळ्यात माझ्या दीड लाखाच्या बजेटमधला तिसरा हिस्सा संपला, आणि फोटोत दाखवण्यासारखं काही नाही! तुला फोटो पाठवत नाही म्हणून रागावला होतास, त्याचं कारण हे.

मग पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाटे उघडले तेव्हा ते गंजून एकमेकांना असे चिकटलेले की सुटे करायला छिन्नी लागली. चार-पाच पाटे मिळून एकच जाड पट्टी झालेली, ती वाकणार कुठून? त्या दिवशी ओढ्यात चाकं अधांतरी राहिली त्यात निम्मा दोष या गंजाचा. सगळे पाटे घासले, टोकं गोल केली, मध्ये ग्राफाइट ग्रीस, नवे बुश. आता एका चाकाखाली वीट-वीट रचत गेलो तर दुसरं चाक पूर्वीपेक्षा खूप उशिरा जमीन सोडतं. मी पोराला घेऊन अंगणात विटा मोजल्या. पूर्वी तीन, आता पाच.

तुझ्या फोटोतली गाडी म्हणजे ॲक्सलखाली बांधलेले पाटे ॲक्सलच्या वर घेतलेली. मोह मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू. एका झटक्यात पाच इंचांच्या आसपास उंची मिळते, तीही त्याच पाट्यांवर. पण मिस्त्रींनी पुढची यादी वाचून दाखवली. स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळते. जोर लावला की ॲक्सल पिळतो आणि पाटा नागमोडी होतो. ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे होस लांब हवेत. आणि आडव्या उतारावर ही अरुंद गाडी आधीच जीव मुठीत धरायला लावते, तिथे पाच इंच आणखी वर? एकेका गोष्टीला उपाय आहे, पण प्रत्येक उपाय म्हणजे पुढचं बिल. शिवाय बाबांचे गुडघे. मी दुसऱ्या दिवशीच नाही म्हणून सांगितलं.

टायरवर मात्र मी महिनाभर घातला. जुने होते २०५/७० आर १५, व्यास ६६८ मिलिमीटर. सगळे २३५/७५ घे म्हणतात, त्याचा व्यास येतो ७३३. म्हणजे डिफरन्शियल ३३ मिलिमीटर वर जातं, हे छानच. पण चाक दहा टक्क्यांनी मोठं झालं की गिअरिंग तेवढंच उंच होतं, आणि साठ घोड्यांना करूळ घाट चढताना ते जाणवतं. स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टच्या जवळ असते. मोठ्या जड चाकाचा भार शेवटी पुढच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे वळणाऱ्या चाकाला ताकद देणाऱ्या सांध्यावर, येतो, आणि या गाडीत तुटायचं तर आधी तेच तुटतात. मी २१५/७५ घेतले. व्यास ७०३, अठरा मिलिमीटर उंची वाढली, काही कापावं लागलं नाही. शिवाय आपल्याकडचा चिखल म्हणजे जांभ्यावर बसलेला वीतभर तांबडा गाळ. अरुंद टायर तो कापून खालच्या दगडाला लागतो, रुंद टायर वरच पोहत बसतो. वाळवंटातल्या लोकांचा सल्ला गगनबावड्यात चालत नाही, एवढं साधं आहे हे.

नक्षी कुठली, यावर घरात भांडण झालं. खोल नक्षीचा मड टायर चिखलात हवा, पण ओल्या डांबरावर, घाटाच्या वळणावर तो घसरतो, वर ओरडतो. मधल्या नक्षीचा ऑल टेरेन डांबरावर शहाणा, पण तांबड्या मातीत शंभर फुटांत त्याचं पुरणपोळीचं लाटणं होतं. शेवटी जुन्या बाजारातून जिप्सीच्याच चार लोखंडी डिस्क घेतल्या आणि दोन जोड केले. मड टायरचा जोड डांबर संपतं तिथल्या खोपीतच राहणार. तिथे जाऊन बदलायचे, येताना परत बदलायचे. चार चाकं, पाच-पाच नट, पोरगा आणि मी मिळून पस्तीस मिनिटं. बायकोच्या मते हा वेडेपणा आहे. तिचं बरोबर असेलही. पण हवा कमी केली तर बऱ्याचदा ऑल टेरेनवरच निभतं. अठ्ठावीस पीएसआयवरून सोळावर आणली की टायर जमिनीवर पसरतो आणि दगड धरतो. फुकटातला उपाय, फक्त परत भरायला पंप लागतो.

आता लॉकचं. मिस्त्रींचा सोपा मार्ग म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधले छोटे गिअर वेल्ड करून टाकायचे. स्पर्धेतल्या गाडीला ठीक. रोज डांबरावर चालणाऱ्या गाडीला वळताना आतलं चाक फरफटणार, एक्सल कधीतरी मोडणार. दुसरा प्रकार आपोआप गुंतणारा आणि सुटणारा. तो स्वस्त पडतो, पण एवढ्या आखूड आणि हलक्या गाडीत, पावसात घाट उतरताना तो कधी गुंतेल याचा भरवसा मला वाटत नाही. मला हवं आहे ते त्या पोराच्या टाचेखालचं पेडल. दाबलं की बांध, सोडलं की सूट. म्हणजे हवेवर चालणारा लॉकर, फक्त मागे. महाग आहे, म्हणून या वर्षी नाही. त्याच्या कॉम्प्रेसरवर टायरही भरता येतील, एवढं समाधान. तोवर ओढ्याशी जपून.

विंच नाही. चाळीसेक किलो नाकावर टांगून हलकी गाडी जड करायची, आणि जिथे ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर आहे तिथे? चेसीला बोल्टने बसवलेले दोन मजबूत हुक, ताणणारा चांगला दोर, तो अडकवायचे मोठे शॅकल, एवढंच घेतलं. दोर ताणताना मध्ये ओलं पोतं टाकायचं हे विसरू नकोस, तुटला तर माणूस जातो. आणि तू सुचवलेला पुढचा बुलबार तर डिसेंबर २०१७ पासूनच बंद आहे. डिझेल इंजिन टाकायची कल्पनाही सोड. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीतला तपशील बदलेल असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा कडक केलंय. माझी गाडी पंधरा वर्षं उलटलेली, दर पाच वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर. २०२८ ला पुन्हा इन्स्पेक्टरसमोर उभं राहायचंय.

हो, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, तंबू ठोकायचा तुझा बेत. चालत जाऊ. गाडी सड्यावर घालायची नाही. तिथली माती बोटभर जाडीची, टायरचा चर वर्षानुवर्षं बुजत नाही. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं तेव्हा आपणच पेढे वाटले होते ना?

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहिलं ते. मला भंगारात जुन्या ४१० जिप्सीची ट्रान्सफर केस मिळाली आहे. किंगचा लो २.२६८, हिचा २.५११. म्हणजे लोमध्ये जवळपास अकरा टक्के जास्त जोर. टायरमुळे गेलेले पाच वळते करूनही नफ्यात. पण हाय रेंजही, म्हणजे डांबरावर वापरतो ती, १.४०९ ऐवजी १.५८० होतो, आणि मग डांबरावर सत्तरला इंजिन केकाटणार. पंचावन्न किलोमीटरचं केकाटणं तीन किलोमीटरच्या सुखासाठी करावं का, हे मला ठरवता येत नाही. बाबा म्हणतात बसव, त्यांना तसंही नीट ऐकू येत नाही.

तू आयुष्य गिअरमध्ये घातलंस. केस उघडून गॅरेजमध्ये कापडाखाली ठेवली आहे. एका गिअरच्या दातावर बारीक खड्डे दिसतात, ते चालतील की नाही हे मिस्त्री आणि मी दोघंही छातीठोक सांगू शकत नाही. ऑगस्टमध्ये येशील तेव्हा डायल गेज घेऊन ये. आणि पावसाळी बूट. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
पम्या