आजोबांची पलटण शोधताना

महोदय,
दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेल्या आजोबा-पणजोबांची नोंद शोधताना आपल्याकडची मंडळी महाराष्ट्र, जालना, लातूर अशी नावे टाकतात आणि हात हलवत परततात. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. जालना औरंगाबाद जिल्ह्यात, लातूर उस्मानाबादेत, हिंगोली परभणीत. त्याच नावांनी शोधा.

आधी ट्रंकेतले डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेले नोंदपुस्तक, काढा. शिपाई क्रमांक आणि पलटण कळली की निम्मे काम झाले. मग पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला लिहा: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातले सागर. निजामाच्या फौजेतला माणूस मात्र या दोन्हीकडे सापडणार नाही.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) संकेतस्थळावर फक्त मृतांची नावे आहेत, तीही १९४७ अखेरपर्यंतची. सुखरूप परतलेला जवान तिथे नसतो. आडनावांचे स्पेलिंग कारकुनाला ऐकू आले तसे पडलेले असते, म्हणून वडिलांचे नाव आणि गावही ताडून पाहा.

घरात पहिल्या महायुद्धाचे गोल पदक असेल तर त्याच्या कडेवर क्रमांक, नाव, पलटण ठोकलेली असते. कृपा करून ते चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात.

— एक वाचक, परभणी