वांझ नव्हे, नर रातांबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भातकापणी उरकल्यावर आमच्या वाडीत तीन जुने रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, तोडले. तोडणारा शेजारचाच मुलगा. विचारलं तर म्हणाला, "काकी, वांझ झाडा ती. फळच धरणा नाय, ठेवची कित्याक?" तिथे आता काजूची कलमं लागणार आहेत.

ती झाडं वांझ नव्हती, नर होती. रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला मोहर येईपर्यंत सात-आठ वर्षं थांबावं लागतं. म्हणूनच दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता'सारख्या जातींची मादी कलमं दिली, ते चांगलंच झालं. पण सगळे कलमंच लावू लागल्यावर नर उरतो तो जुन्या रायवळ, म्हणजे बीपासून वाढलेल्या, झाडांत. परागासाठी तो हवा, आणि आपण नेमका तोच तोडतो.

या झाडाचं सोल, म्हणजे आमसूल, सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त नवल वाटतं ते बीचं. माझ्या सासूबाई आमसुलं घालून झाली की बिया धुऊन वाळवत. पावसात सवड मिळाली की त्या फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात रटरट उकळायचा. वर आलेलं तेल काढून घ्यायचं, थिजू लागलं की मुठीत दाबायचं. म्हणून ते मुठेल. फिकट पिवळ्या गोळ्यावर त्यांच्या चार बोटांचे ठसे तसेच राहत. खोबरेल उन्हाळ्यात पाण्यासारखं पातळ होतं, मुठेल घट्टच राहतं. पळीत पातळ करून ते टाचेच्या भेगांत सोडलं की तिथेच थिजून बसतं. लावणीच्या चिखलात उभं राहणाऱ्या बायकांना दुसरं मलम माहीत नव्हतं. बीच्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास हे तेल असतं, तरी आज किती घरांत बिया उकिरड्यावर जातात! किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाचंही तेच. तिचं तेल होड्यांच्या फळ्यांना लावत, हे आता मुलांना सांगावं लागतं.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझी विनंती एवढीच, की कृषी सहायकांनी या थंडीत मोहराच्या वेळी वाडीवाडीत येऊन लोकांना फुलं दाखवावीत. नराची फुलं घोसाने येतात, आत पुंकेसरांची दाटी असते. मादीचं फूल बहुधा एकटंदुकटं, मधोमध गोल गोटी. एकदा हातात घेऊन बघितलं की चूक होत नाही.

आमच्या परड्यातल्या नराला मी चुन्याचा पट्टा ओढून ठेवला आहे. शेजारच्या मुलाकडे अजून दोन बिनफळाचे रातांबे उभे आहेत. मोहर येईपर्यंत त्यांना कोयता लावणार नाही, असं त्याने कबूल केलं आहे.

आपली,
एक वाचक, ता. कुडाळ